दीक्षाच्या पाळण्यातलं संत्रं

"स्टेजवर नाही बोलावलं त्यांनी तुम्हाला, आई. ओट्यापाशी बोलावलंय," मिनल म्हणाली आणि हातातली करवंटी तिने परातीत आपटली.

"आपटू नको. खोबरं राहिलंय तिला," मिल्काबाई म्हणाल्या.

"मी खोबऱ्याबद्दल बोलत नाहीये."

"मी बोलतेय. दोनशे माणसांचा मलिदा आहे. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत हातावेगळा व्हायला पाहिजे. तुला भांडायचंच असेल तर खोवता खोवता भांड."

मिनलने दुसरी वाटी विळीवर धरली, पण तोंड थांबवलं नाही. भांडणाचं कारण फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं. मानेवाडा रोडवरच्या वाचनालयाची पत्रिका. 'ज्यू लेखक आणि लेखन : दोन दिवसांचा साहित्य उत्सव, शनिवार-रविवार.' खाली सहा वक्त्यांची नावं, दोन अभिवाचनं, एक परिसंवाद, आणि सगळ्यात तळाशी बारीक अक्षरांत, 'अल्पोपाहार (पारंपरिक ज्यू पदार्थ) : सौ. मिल्का गिरिधर कोहळे.'

"या अख्ख्या एरियात एक ज्यू बाई आहे," मिनल म्हणाली. "ती चाळीस वर्षं गाणी लिहितेय. आणि ज्यू लेखनाच्या कार्यक्रमात तिला काय, तर पोहे भिजवायला बसवलं!"

"मी लिहीत नाही. मी जोडते."

"जोडणं म्हणजे काय?"

"शब्दाला शब्द. लेखक वेगळे असतात. त्यांचं पुस्तक असतं. पुस्तकाच्या पाठीवर फोटो असतो."

गिरिधरराव दाराशी वेताच्या मोड्यावर बसून वेलच्या सोलत होते. हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक भांडणात ते अशाच कुठल्यातरी बारीक कामाला लागलेले असत. "मले तर वाटते, पत्रिकेत नाव आलं हेच लय झालं," ते म्हणाले. "माह्यं नाव आजवर फक्त लाइटबिलावर छापून राहिलं."

"ते बी आता मोबाइलवर येते, बाबा," त्यांचा मुलगा, मिनलचा नवरा जितेंद्र सोफ्यावरून म्हणाला.

"पाहय. तेही गेलं."

"माझ्या लग्नाची मंगलाष्टकं कोणी लिहिली?" मिनल मागे हटेना. "माझ्या माहेरचे लोक अजून विचारतात. द्या मला तो कागद. आत्ता नेऊन दाखवते वाचनालयाच्या मुकुंदरावांना."

मग चौघांचीही नजर एकाच ठिकाणी गेली, स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला टांगलेल्या निळ्या कापडी पिशवीकडे.

"तीन वर्षांमागे गेला ठाण्याला," मिल्काबाई शेवटी म्हणाल्या. "त्यात देवाचं नाव होतं."

"माझ्या मंगलाष्टकांना पुरलं तुम्ही?"

"नीट पुरलं. जागा चांगली आहे."

मिल्काबाईंचं माहेरचं आडनाव नवगावकर. वडील रेल्वेत गार्ड. अलिबागकडचं गाव सोडून भुसावळ, बडनेरा करत ते नागपूरला आले आणि अजनीच्या क्वार्टरमध्ये स्थिरावले. त्या वेळी त्या भागात बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, सात घरं होती. सिनेगॉग नव्हतं. सणावाराला कोणाच्याही पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली की तेच सिनेगॉग. मग एकेक घर ठाण्याला गेलं, एकेक इस्रायलला. मिल्का तेवढी राहिली, कारण स्टेशनाबाहेर सायकल दुरुस्त करून घेताना तिला संत्र्यांच्या बागांच्या नरखेड तालुक्यातला गिरिधर कोहळे भेटला होता, आणि त्याला सोडून जाण्यासारखा एकही देश तिला सापडला नाही.

तिची आई सिमहाबाई घरच्या प्रार्थनांसाठी मराठीत गाणी रचायची. तिच्याकडून मिल्काबाईंनी दोन गोष्टी घेतल्या. एक, शनिवार, म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत त्या गॅसला हात लावत नाहीत आणि पेनालाही नाही. लग्न झाल्यापासून दर शनिवारी या घरात गिरिधरराव पिठलं करतात. आधी ते गुठळ्यांचं व्हायचं, आता बरं होतं.

दुसरी गोष्ट ती पिशवी. ज्या कागदावर देवाचं नाव आलं तो रद्दीत टाकायचा नाही, फाडायचा नाही, जाळायचा नाही. गेलेल्या माणसासारखा त्याला मातीत ठेवायचा. खरं तर ही रीत हिब्रू पोथ्यांची. पण सिमहाबाईंच्या मते देव मराठीत लिहिला म्हणून काही कमी देव होत नाही. पिशवी भरली की ठाण्याला जाणाऱ्या कोणाबरोबर तरी ती जायची आणि तिथल्या दफनभूमीच्या एका कोपऱ्यात पुरली जायची. मिल्काबाईंच्या प्रत्येक गाण्यात देव कुठेतरी यायचाच. त्यामुळे कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने जोडलेलं प्रत्येक गाणं, ज्या बायांना म्हणायचं त्यांच्याकडून पाठ करून घेतलं, की पिशवीत.

आणि गाणी तरी किती! बारशी, डोहाळजेवणं, हळदी, शाळेतल्या बाईंचा निरोपसमारंभ. कोणी यायचं आणि म्हणायचं, "मिल्काबाई, पोरीचं नाव अमुक आहे, जावई तमुक, दोन दिवसांत होईल का?" त्या विचारायच्या, "शनिवार मधे येतो का?" नसेल येत तर व्हायचं. नाव कधी खाली आलं नाही. सिमहाबाई म्हणायच्या, गाणं ज्याच्यासाठी त्याचं नाव गाण्यात येतं, आपलं कशाला?

वाचनालयाचे सेक्रेटरी मुकुंदराव यातलं काहीच जाणत नव्हते असं नाही. त्यांच्या नातवाच्या बारशाला मिल्काबाईंचंच गाणं झालं होतं. पण बारशाचं गाणं आणि साहित्य यांचा संबंध त्यांच्या डोक्यात आला नव्हता. वाचनालय दर वर्षी एका समाजाच्या लेखनावर उत्सव करायचं. बंगाली झालं, सिंधी झालं. सिंधी वर्षी कवितेला चाळीस माणसं होती आणि दालपकवानला दोनशे. मुकुंदरावांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला.

"मलिदा नवस फेडायला करतात," मिल्काबाईंनी त्यांना सांगून पाहिलं होतं. "आमचा नबी एलियाहू, त्याच्या नावाने. तुमच्या वाचनालयाने कसला नवस केलाय?"

"दोनशे लोक यावेत म्हणून," मुकुंदराव म्हणाले होते. "आले की फिटला."

शुक्रवारी पाच वाजता मलिदा झाला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, बेदाणे, वरून केळी आणि सफरचंदाच्या फोडी. मिल्काबाईंनी परातींवर ओलं फडकं टाकलं, हात धुतले, दोन मेणबत्त्या लावल्या आणि दिवस मावळला.

शनिवारी सकाळी त्या पायी वाचनालयात गेल्या. घरचे परातींसकट रिक्षाने. हॉल भरला होता. समोरच्या घरातल्या कांताबाई, त्यांची लेक दीक्षा, गल्लीतल्या बाया, सगळ्या पुढच्या रांगांत होत्या. एवढ्या लवकर कोणी पुढे बसत नाही, पण पुढच्या रांगेतून खाण्याच्या खोलीचं दार जवळ पडत होतं.

त्या खोलीत मिल्काबाई द्रोण मांडत उभ्या होत्या. दार उघडं होतं, आतून सगळं ऐकू येत होतं. पहिले दोन वक्ते युरोपातल्या लेखकांवर बोलले. त्या ऐकत होत्या आणि पन्नास द्रोणांची एक रांग झाली की पुढची सुरू करत होत्या. तिसरे मुंबईचे प्राध्यापक हर्षे. त्यांचा विषय बेने इस्रायली बायांची गाणी. ठाण्याला घरोघर जाऊन त्यांनी गाणी जमवली होती, त्याचं पुस्तक येणार होतं.

"एक रत्न ऐकवतो," प्राध्यापक म्हणाले. "पाळणा आहे. कर्ता अज्ञात. भाषेवरून दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा असावा."

आणि त्यांनी चष्मा सावरून वाचलं,

"पहिल्या दिवशी गं, रथ थांबला दारात,
एलियाहू हन्नाबीनं संत्रं ठेवलं हातात.
दुसऱ्या दिवशी गं, एक एक फोड सोलली,
रुसलेली लेक माझी गालामध्ये हसली."

मिल्काबाईंच्या हातातला द्रोण हातातच राहिला.

"आता पाहा," प्राध्यापक म्हणाले, "कोकणात संत्रं होत नाही. मग हे संत्रं आलं कुठून? मित्रहो, दोन हजार वर्षांपूर्वी मागे टाकलेल्या भूमीतल्या बागांची ही स्मृती आहे. पिढ्यान् पिढ्या जपलेली."

हॉलमध्ये थोडी चुळबुळ झाली. नागपुरात संत्र्याबद्दल बाहेरच्या माणसाने काही सांगितलं की होते तशी.

"नरखेडहून आलं असन," गिरिधरराव शेजारच्याला म्हणाले. हळूच म्हणाले, पण कारखान्यात मशीनच्या वर बोलायची सवय झालेला आवाज तो. लोक हसले. प्राध्यापकही हसले.

"दुर्दैवाने," ते पुढे म्हणाले, "या पाळण्याचं शेवटचं कडवं काळाच्या ओघात लुप्त झालं. ठाण्यातल्या बाया तिथे नुसतं बाळाचं नाव घेतात. मूळ कडवं आता कोणालाच येत नाही."

"लुप्त कुठे झालं?" दारातून आवाज आला. "मला येतं."

सगळ्या माना वळल्या. दारात मिल्काबाई, एका हातात द्रोण, पदर कमरेला खोचलेला. मिनल खुर्चीत एकदम ताठ बसली.

"आपल्याला येतं?" प्राध्यापक खरोखर आनंदले. "आपण कोणाकडून ऐकलंत?"

"ऐकलं नाही. मीच जोडलंय."

हे वाक्य त्यांनी पोह्यांत गूळ किती घातला ते सांगावं तसं सांगितलं. मुकुंदराव माइक घेऊन धावले. "माइक नको, आज शनिवार आहे," मिल्काबाई म्हणाल्या आणि तिथेच उभं राहून, द्रोण न ठेवता, त्यांनी शेवटचं कडवं म्हटलं,

"बाराव्या दिवशी गं, आल्या शेजारणी सात,
दीक्षा नाव ठेवलं, कांताबाईच्या घरात."

मग पहिल्या रांगेत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"अवं माय!" कांताबाई उभ्या राहिल्या होत्या. "हा तर माह्या दीक्षाचा पाळणा! साहेब, हे काई दोनशे वर्सांचं नाई. हे आमच्या टिनपत्र्याच्या घरातलं हाय. ब्याण्णव सालचं!"

"आपल्या घरी? पण आपण…"

"आमी बौद्ध. हे मिल्काबाई मले म्हणे, 'कांता, गाण्यात आमचा एलियाहू येतो, चालेल का?' मी म्हणलं, आमच्या घरी देव नाई, पण तुमचा म्हातारा पोरीसाठी संत्रं घेऊन येऊन राहिला तर येऊ दे बाप्पा, हाकलू कायले?"

हॉल हसण्याने फुटला.

"आणि संत्रं?" प्राध्यापकांनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता, पण वही उघडली होती.

"पाळण्याला टांगायला खेळणं नव्हतं," मिल्काबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी सासऱ्यांनी गावाहून टोपली पाठवली होती. त्यातलं एक दोऱ्यात बांधून टांगलं. बारशाला ठाण्याची मावसबहीण दीना आली होती माझ्याकडे. ती पाठ करून घेऊन गेली असेल. तिचा आवाज चांगला आहे, पण नावं लक्षात राहत नाहीत तिला."

"म्हणजे म्याच सांगितलं ना, नरखेड!" गिरिधरराव आता उघडच ओरडले.

दीक्षा मोबाइलवर सगळं टिपत होती. ती मिहानमधल्या कंपनीत आहे, अंगावर कंपनीचा टी-शर्ट होता. "काकू," ती म्हणाली, "म्हणजे मी दोनशे वर्षांची आहे का? मेकअपचा खर्च उगाच करून राहिली मी."

नंतर मलिदा वाटला गेला. दोनशे द्रोण पुरले नाहीत, दुसऱ्यांदा घेणाऱ्यांना मुकुंदरावांनी स्वतः अडवलं. प्राध्यापक हर्षे मात्र द्रोण हातात घेऊन मिल्काबाईंच्या समोरच बसले. त्यांनी वहीची पानं उलटत एकेक गाणं वाचायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या खाली एकच शेरा होता, कर्ता अज्ञात.

मिल्काबाई ऐकत होत्या. पहिलं त्यांच्या आजीच्या वेळचं. दुसरं माहीत नाही. तिसरं ऐकून त्यांनी मान वर केली. "हे शाळेतल्या शिर्के बाईंच्या निरोपाचं."

"निरोपाचं? ठाण्यात हे शब्बाथच्या निरोपाला म्हणतात."

"बाई बऱ्या होत्या. निरोप मोठा झाला." त्या जरा हसल्या. "पुढचं वाचा."

बारा गाण्यांत चार त्यांची निघाली. पाळणा धरून पाच. वहीतल्या चौथ्याच्या वेळी त्या हसल्या नाहीत. ते त्यांनी आई गेल्यावर जोडलं होतं, एका रात्रीत नाही, चार महिन्यांत. खाली तेच होतं. कर्ता अज्ञात.

"अज्ञात म्हणजे माहीत नाही असा," त्या हळूच म्हणाल्या. "मी तर इथेच होते."

प्राध्यापकांनी द्रोण खाली ठेवला. "पुस्तक पुढच्या महिन्याअखेर छपाईला जातं. मला प्रत्येक गाणं तुमच्या हातचं पाहिजे. कधी, कोणासाठी, कोणत्या प्रसंगी. एवढं मिळालं तर नाव घालतो. नुसतं तोंडी सांगणं संपादक मानणार नाहीत. जुना एखादा कागद आहे का?"

"ठाण्याला पुरलेत."

त्यांना वाटलं, गंमत आहे. मिनलने त्यांना पिशवीची रीत समजावून सांगितली. मग त्यांनी खिशातलं पेन काढून पुढे केलं. "निदान पाळण्याच्या दोन ओळी आणि सही? आत्ता?"

"आज शनिवार."

"मी लिहू का, आई?" मिनल म्हणाली. "तुम्ही सांगा."

"तू लिहिलंस तर ते तुझं अक्षर."

पेन टेबलावर तसंच राहिलं. मुकुंदराव घाम पुसत आले. त्यांनी उद्याची पत्रिका पेनाने दुरुस्त करून आणली होती. परिसंवादाच्या आधी पंधरा मिनिटं, 'लेखिका मिल्का कोहळे यांच्याशी गप्पा.' "स्टेजवर, ताई. मधली खुर्ची," ते म्हणाले. मिनलने सासूकडे पाहिलं, आता तरी बघा, अशा अर्थाने.

"उद्या मला जमणार नाही," मिल्काबाई म्हणाल्या. "उद्या काम आहे. आणि अल्पोपाहाराला समोसे सांगून ठेवा."

संध्याकाळी गिरिधररावांनी पिठलं टाकलं. मिनल भाकऱ्या करत होती आणि अजून धुसफुसत होती. "मधली खुर्ची देत होते. मी तीन दिवस कोणासाठी भांडले?"

"तिले खुर्ची नको असन," गिरिधरराव म्हणाले. "मिरची दे."

मिल्काबाई गच्चीवर होत्या. पहिली चांदणी दिसली, दुसरी दिसली, तिसरीसाठी थोडं थांबावं लागलं, पाण्याच्या टाकीआड होती ती. मग त्या खाली आल्या. स्वयंपाकघराच्या दाराआड गेल्या, खिळ्यावरची निळी पिशवी काढली आणि जेवणाच्या टेबलावर उपडी केली. कॅलेंडरची पानं, किराण्याच्या कागदांची पाठ, एका पाकिटाचा आतला भाग. गेल्या तीन वर्षांचं सगळं होतं. त्याआधीचं मातीत होतं, आणि त्यांच्या डोक्यात.

जितेंद्रने टेबलावरून आपलं ताट उचलून घेतलं. "काय झालं, आई?"

त्यांनी कागद टेबलावर ठोकून सारखे केले.

"जितू, उद्या सकाळी दोनशेपानी वह्या आण. दोन. रेघांच्या," त्या म्हणाल्या. "टेबलाची खिडकीकडची बाजू आता माझी. तिथे कोणी डबा ठेवायचा नाही. सगळी गाणी परत उतरवून काढणार आहे, ठाण्याला गेलेलीसुद्धा, आणि प्रत्येकाच्या खाली माझं नाव घालणार आहे. ही पिशवी यंदा कुठे जात नाही."

"आणि सैपाक?" गिरिधररावांनी विचारलं. कालथा कढईतच होता.

"पुढच्या महिन्याअखेरपर्यंत पिठलं."

"रोज?"

"रोज. सकाळचं तुम्ही, रात्रीचं जितू. मिनल दोन्ही वेळेला सुट्टीवर, ती शुद्धलेखन तपासेल."

आणि त्या कागद घेऊन खिडकीकडच्या खुर्चीत बसल्या.